सवलतीत आणलेलं ऑर्किड मलूल पडलंय? पाणी घालण्याआधी मुळं बघा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या रोपाची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल.

पानं खाली लोंबलेली असतात. निरोगी फॅलेनॉप्सिसचं (दुकानात सर्रास मिळणारं ऑर्किड ते हेच) पान जाड आणि ताठ असतं, वाकवायला गेलं तर मोडेल अशी भीती वाटते. आजारी रोपाचं पान बोटावर सहज दुमडतं, हाताला चिवट लागतं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना लांबट चुण्या पडलेल्या दिसतात. चमक गेलेली असते. दांड्यावरच्या कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी आणून नेमानं पाणी घातलं, तरी दोन आठवड्यांत पानांत काडीचा फरक पडत नाही.

फक्त सगळ्यात खालचं एकच पान पिवळं पडत असेल आणि बाकीची ताठ असतील, तर रोपाला काही झालेलं नाही. जुनं पान गळतंच. ते ओढून काढू नका, आपोआप सुटेल.

दिवाळी, व्हॅलेंटाइन डे, जानेवारीतली पुष्पप्रदर्शनं हे सगळं उरकलं की फुलं उतरलेली ऑर्किड निम्म्या-पाव किमतीत मिळायला लागतात. सातशे-आठशेचं रोप दोनशेला दिसलं की हात पुढे जातोच, आणि जावाच, कारण यातली बरीच रोपं वाचतात. ओळखीपाळखीतून माझ्याकडे अशी रोपं येत असतात. सोबत वाक्यही तेच येतं: “पाणी कमी पडलंय बहुतेक, म्हणून रोज घालतेय.”

तिथेच घात होतो. पानं सुकण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकात रोपाला पाणी मिळालेलंच नसतं. दुसऱ्यात इतकं मिळालेलं असतं की मुळं कुजून गेली, आणि आता कुंडी ओली असूनही पाणी वर चढवायला मूळच उरलेलं नाही. पानं दोन्हीकडे सारखीच दिसतात. पहिल्या रोपाला पाणी हवं असतं, दुसऱ्याचा पाण्यानं शेवट होतो. माझ्याकडे आलेल्या सवलतीतल्या रोपांत दुसरा प्रकार जास्त असतो. दुकानात ती शोभेच्या, तळाला भोक नसलेल्या कुंडीत ठेवलेली असतात, येता-जाता कोणीतरी पाणी ओततं आणि ते खाली साचत राहतं.

हे नीट समजायला मुळाची रचना माहीत हवी. सह्याद्रीत किंवा कोकणात आंब्या-जांभळाच्या फांदीवर सीतेची वेणी फुललेली तुम्ही पाहिली असेल. तिची मुळं मातीत नसतात, सालीला धरून उघड्यावर असतात. पावसात चिंब होतात आणि वाऱ्यानं सुकतात. फॅलेनॉप्सिस मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, पण राहणी हीच. मुळाभोवती मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. तो कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-राखाडी दिसतं. भिजला की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. अशा मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. सतत ओल्या, घट्ट मॉसमध्ये (कुंडीत भरलेल्या वाळवलेल्या शेवाळात) ते गुदमरतं आणि मग कुजतं.

आता तपासण्या. पहिल्या काहींना पैसा लागत नाही, आणि बरीच रोपं तिथेच मार्गी लागतात. क्रम मोडू नका.

कुंडी उचलून बघा. शोभेच्या कुंडीतून आतली प्लास्टिकची कुंडी बाहेर काढा आणि हातात तोला. वाळलेली कुंडी अगदी हलकी लागते, ओली चांगलीच जड. वरच्या मॉसला बोट लावून काही कळत नाही, कारण तो वरून कोरडा आणि आतून चिंब असू शकतो. शोभेच्या कुंडीच्या तळाला पाणी साचलेलं असेल तर निम्मं उत्तर मिळालंच. ती कुंडी तूर्त बाजूला ठेवा.

मुळांचा रंग बघा. ऑर्किडची कुंडी पारदर्शक असते त्याचा फायदा घ्या. रुपेरी-राखाडी आणि टणक म्हणजे तहानलेलं, पण जिवंत. हिरवं म्हणजे उत्तम. तपकिरी, काळपट, दाबल्यावर पिचकणारं म्हणजे कुजलेलं. कागदासारखं पोकळ, चपटं झालेलं म्हणजे वाळून मेलेलं. कुंडीबाहेर आलेली हवेतली मुळंही चाचपा. ती सुरकुतलेली असली तरी टणक असतील तर कापू नका, पुढचे काही महिने रोप कदाचित त्यांच्याच जिवावर काढेल.

हलकी कुंडी आणि राखाडी मुळं ही चांगली बातमी. जड कुंडी आणि तपकिरी मुळं असतील तर पाणी आजपासून बंद, आणि सरळ कुंडीतून काढण्याच्या पायरीवर जा. त्याआधी वाटेत पोंगा तेवढा बघून घ्या.

पोंगा आणि पानांच्या बगला. पानांच्या मधोमध जिथून नवं पान निघतं तो पोंगा. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. ते कुजलं तर रोप उंचीनं पुढे वाढत नाही, म्हणून ही तपासणी लवकर करायची. पाणी साचलेलं असेल तर टिश्यू पेपरची सुरळी करून टिपून घ्या. मधलं पान बोटांत धरून अगदी हलकं हलवा. पक्कं बसलेलं असेल तर ठीक. मग पानं उलटून बघा. शिरेलगत आणि बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. नखानं निघणाऱ्या तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड. दोन्ही रस शोषतात आणि पानं मलूल करतात. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कानकाडीनं एकेक पुसून काढा, आठवड्यानं पुन्हा, त्यानंतर पुन्हा. पिल्लं दडून बसतात, त्यामुळे एकदा पुसून भागत नाही. असं रोप बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

जागा. मुळं चांगली आणि तरी पानं लुळी, असं असेल तर दोष बहुतेक जागेचा. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीत हे रोप टिकत नाही. पूर्वेचं कोवळं ऊन किंवा पडद्याआडचा उजेड त्याला पुरतो. एसी असलेल्या झोपायच्या खोलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं दिवसा उघडतात, फॅलेनॉप्सिसची मुख्यतः रात्री उघडतात. रात्रभर एसी लावून आपण हवा कोरडी करतो, ती नेमकी त्याच वेळी. त्या खोलीतून रोप हलवलं एवढ्यानंही फरक पडतो. कळ्याच गळत असतील आणि पानं धडधाकट असतील, तर जवळपास आंब्याची अढी किंवा केळ्यांचा घड आहे का ते बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो या फुलांना सोसत नाही.

भिजवून बघा. हे फक्त हलकी कुंडी आणि राखाडी मुळं असलेल्या रोपासाठी. स्फॅग्नम मॉस एकदा खडखडीत वाळला की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेनं ओघळून तळातून निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजलं. म्हणून बादलीत साध्या तापमानाचं पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत २० ते ३० मिनिटं बुडवा. पोंग्यात पाणी जाता कामा नये. बाहेर काढून पूर्ण निथळू द्या आणि पुन्हा तोलून बघा. अजून हलकीच असेल तर आणखी अर्धा तास बुडवा. मुळं हिरवी झाली की काम झालं. त्यानंतर ती पुन्हा रुपेरी होईपर्यंत पाणी नाही. वाराचा हिशेब धरू नका, मुळांचा रंग बघून पाणी घाला. मे महिन्यात ते चार दिवसांत लागेल, जुलैत कदाचित बारा दिवसांनी. पानांत ताठपणा यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

याच वेळी पाण्याकडेही लक्ष द्या. मॉसवर, कुंडीच्या कडेला किंवा मुळांवर पांढरा थर दिसत असेल तर ते क्षार आहेत. क्षार साचले की मुळांना ओल असूनही पाणी ओढता येत नाही. बोअरवेलच्या पाण्यानं हे हमखास होतं. सोसायटीत मिठावर चालणारं सॉफ्टनरचं यंत्र बसवलं असेल तर ते पाणी याहून वाईट, कारण त्यात सोडियम वाढलेलं असतं. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, नाहीतर आरओचं. तांदळाचं धुवण, ताक, दूध, साखरपाणी यांतलं काही घालू नका. मॉसमध्ये ते आंबतं आणि कुजण्याला हातभार लागतो.

कुंडीतून काढा. इथपर्यंत उत्तर मिळालं नाही, किंवा मुळं तपकिरीच दिसली, तर आता रोप उपसायचं. दांड्यावर फुलं असतील तर दांडा आधी कापून फुलदाणीत ठेवा. जीव तुटतो, पण फुलं पानांतलं उरलंसुरलं पाणी ओढत असतात. कुंडी हातानं सगळीकडून दाबून सैल करा आणि रोप हळूच ओढा.

बाहेरची मुळं हिरवीगार दिसली म्हणून इथे थांबू नका. या रोपांच्या मध्यभागी बहुतेक वेळा मॉसचा एक घट्ट गोळा असतो. रोप लहान असताना ते त्यात लावलेलं असतं आणि पुढे तसंच मोठ्या कुंडीत बसवतात. कधी त्याभोवती बारीक जाळीची पिशवी किंवा प्लास्टिकची टोपलीही निघते. बाहेरचा मॉस सुकला तरी हा गोळा ओलाच राहतो. चिमट्यानं तो मॉस थोडा थोडा करून काढायला लागलं की रंग बदलत जातो: बाहेर पिवळसर, मग तपकिरी, आणि खोडाला टेकलेला भाग काळा, चिकट, कुबट वासाचा. तिथली मुळं बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. रोप का सुकलं ते त्या दोऱ्यात दिसतं. जाळी असेल तर ती कात्रीनं उभी कापून काढा, ओढू नका, कारण चांगली मुळं तिच्यातून आरपार गेलेली असतात.

मग मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. रंगावरून निकाल देऊ नका, कारण मॉसच्या डागानं चांगलं मूळही तपकिरी दिसतं. प्रत्येक मूळ चिमटीत दाबा. टणक असेल तर ठेवायचं. पिचकलं किंवा पोकळ लागलं तर टणक भाग लागेपर्यंत कापायचं. कात्री आधी ज्योतीवर चांगली तापवून घ्या, आणि एकाहून जास्त रोपं असतील तर दर रोपानंतर पुन्हा तेच करा. विषाणू कात्रीवरून पसरतात. खोडाचा तळही बघा. काळा, मऊ भाग असेल तर पातळ चकत्या करत वर या, आत स्वच्छ पांढरट-हिरवा रंग लागला की थांबा.

कापलेल्या टोकावर दालचिनीची पूड किंवा हळद लावतात, त्याला हरकत नाही. पण ती टोकालाच, चिमूटभर. चांगल्या मुळांवर दालचिनी भुरभुरली तर तीही सुकतात. बुरशीनाशकाचं विचाराल तर या टप्प्यावर मी ते सहसा वापरत नाही. मुळं गुदमरून मेली आहेत, बुरशी नंतर आली. हवा खेळती केली नाही तर कार्बेन्डाझिमच्या कितीही मात्रा दिल्या तरी तीच वेळ पुन्हा येते. रोप सावलीत उघडं ठेवा, जखमा एक-दोन दिवसांत सुकतात.

नवी कुंडी. इथे पहिल्यांदा थोडा खर्च येतो. माती चालत नाही, गांडूळखत आणि कोकोपीटही नाही. पाइनची साल मिळाली तर उत्तम, पण महाग पडते. नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे आणि लोणारी कोळसा अर्धा-अर्धा घेतला तरी चांगलं चालतं. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला. कुंडी मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या नाही. तीनच मुळं उरली असतील तर चहाच्या कपाएवढी पुरते. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते आणि पुन्हा पहिले पाढे. पारदर्शक डब्याला तळाला आणि कडेला भरपूर भोकं पाडली तरी काम भागतं. रोप डगमगत असेल तर काडीला बांधा, कारण हलणाऱ्या रोपाची नवी टोकं घासून मरतात.

मूळ जवळजवळ उरलंच नसेल तर. हा सगळ्यात अवघड प्रकार आणि सगळ्यात चिवटपणाचाही. अशा रोपाला पाणी पाजता येत नाही, त्यामुळे पानांतून जाणारं पाणी थांबवायचं. झाकणाचा मोठा पारदर्शक डबा घ्या. तळाला नवा मॉस भिजवून, अगदी घट्ट पिळून पसरा. त्यावर छोटी जाळी ठेवून रोप असं बसवा की खोड मॉसच्या जवळ असेल, पण टेकणार नाही. ओल जवळ असली की मुळाचं टोक तिकडे यायला बघतं, टेकली तर कुजतं. डबा उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. २४ ते ३० अंश तापमान हवं. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून हवा बदला, बुरशीचे धागे दिसले तर मॉस बदला. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर डब्याची गरजच नसते, बाहेरची हवाच तेवढी दमट असते. थंडीत हा उपाय फार सावकाश चालतो, म्हणून डिसेंबरात आणलेल्या रोपाबद्दल मार्चपर्यंत निराश होऊ नका.

पानांवर फवारा मारून मूळ नसल्याची भरपाई होत नाही. थोडं पाणी पानं घेतात, बाकीचं पोंग्यात उतरतं आणि उरलेली आशाही जाते.

सुधारणा कशी ओळखायची? जुन्या पानांच्या चुण्या पूर्ण जात नाहीत, त्या पाहत बसू नका. खोडातून हिरवं किंवा लालसर, चकचकीत टोक बाहेर आलं म्हणजे मूळ सुटलं. ते बोटभर वाढलं की रोप कुंडीत लावा आणि तेव्हाच खत सुरू करा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला पाव ते अर्धा ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून. त्याआधी खत दिलं तर ते घ्यायला मूळ नसतं, क्षार तेवढे साचतात. नवं पान जुन्यापेक्षा लहान आलं तर घाबरू नका, त्यापुढचं मोठं येईल. फुलांसाठी वर्षभर तरी थांबावं लागेल.

कुठे थांबायचं

मधलं पान हलक्या ओढीनं हातात आलं आणि त्याच्या बुडाला घाण वास असेल, तर पोंगा गेला. खोडाचा तळ आणि मुळं अजून टणक असतील तर रोप कोरडं ठेवून वाट बघण्यात अर्थ आहे, बुडातून बाजूचा फुटवा येऊ शकतो. मुळंही गेली असतील तर थांबा.

खोड कापत वर आलात आणि पानांपर्यंत आत तपकिरी किंवा जांभळट कडं दिसतच राहिलं, तर आजार खोडाच्या आत पोचलाय. आणखी कापून हाती काही लागणार नाही.

पानावर पाणी भरल्यासारखा डाग पडून एका रात्रीत दुप्पट झाला, त्याला वास येतोय, तर तो बहुधा जिवाणूंचा आजार आहे. तेवढा भाग चांगल्या जागेपासून कापून टाका, रोप वेगळं करा आणि घरगुती प्रयोग बंद करा. घरातली प्रतिजैविकं विरघळवून फवारू नका.

पानांवर खोलगट, काळपट रेघा किंवा वलयं असतील, नवं पानही ठिपक्याठिपक्यांचं येत असेल, फुलांत रंग तुटक उतरलेला असेल, तर विषाणूचा संशय घ्या. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅइक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू सगळीकडे आढळतात आणि दोन्हींवर औषध नाही. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, तपासणी करावी लागते. घरात एकच ऑर्किड असेल तर तो निर्णय तुमचा, पण दहा-बारा असतील तर संशयित रोप ठेवणं बाकीच्यांवर अन्याय आहे.

आणि एकापाठोपाठ दोन-तीन रोपं सारखीच आजारी पडली, तर या यादीवर विसंबू नका, जाणकाराला दाखवा. जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयातला वनस्पती रोगशास्त्र विभाग गाठा. पुण्याला कृषी महाविद्यालय आहे, तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठं. ऑर्किडवरच काम करणारं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय केंद्र सिक्कीममध्ये पाक्योंगला आहे. एका घरगुती रोपासाठी कोणी तिथवर जाणार नाही, पण छोटा व्यवसाय म्हणून ऑर्किड लावणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

जाताना अख्खं रोप मुळांसकट न्या, नुसतं पान नको. जुनं मॉसही थोडं सोबत घ्या. रोप ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाटेतच कुजतं आणि मूळ आजार ओळखता येत नाही. कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. जायच्या आधी आठवडाभर कुठलंही औषध मारू नका, आणि आधी काही मारलं असेल तर त्याचं पाकीट बरोबर ठेवा.